हात पुढे, हात मागे

सकाळी सव्वादहाला फॅमिली ग्रुपवर शेनचं विमानाचं तिकीट आलं. दोहा ते मुंबई, शनिवार. खाली एक ओळ : ‘मम्मी हात करून बोलावते, मग मी काय बसून राहू? येतोय.’ पाठोपाठ उत्तनच्या झाडून सगळ्या मावश्या आणि चुलतबहिणी बदाम, जोडलेले हात, रडके चेहरे टाकून मोकळ्या झाल्या. व्हॅलेरी त्या वेळी भाईंदरजवळ बेव्हर्ली पार्कमधल्या आपल्या घरात संगणकासमोर बसून पडद्यावरच्या कढईतल्या जिऱ्याशी भांडत होती. धाकट्या भावाचं तिकीट तिने दोनदा वाचलं. आनंद वगैरे काही झाला नाही, चीड आली. कोणाची, ते कळेना. चार वर्षांत तो एकदाही आला नाही म्हणून त्याच्यावर चिडायची तिला सवय होती, आणि आता येतोय म्हणून चिडायचं म्हणजे भलतंच. पण आईने त्याला बोलावलं नव्हतं. आईने कोणालाच बोलावलं नव्हतं. जो हात बघून शेनने तिकीट काढलं तो हात व्हॅलेरीने याच खुर्चीत बसून बनवला होता.

हलती चित्रं बनवणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. पाककृतींच्या एका ॲपला ती व्हिडिओतून दोन-तीन सेकंदांचे तुकडे कापून देते. मोबाईलवर आपोआप हलणारे, आवाज नसलेले, संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारे तुकडे. जीआयएफ म्हणतात त्यांना. तिचा नवरा मॅक्सवेल ‘तुझी मुकी चित्रं’ म्हणतो. बघणाऱ्याला वाटतं, बटण दाबलं की झालं. व्हिडिओत लाखो छटा असतात आणि या चित्रात रंग मावतात दोनशे छप्पन. कोणते ठेवायचे आणि कोणते फेकायचे यात सगळी मारामारी. हळदीला जास्त दिले की स्टीलच्या पातेल्यावर पट्टे उमटतात. पातेलं सांभाळलं की हळद आजारी दिसते. मग अधेमधे ठिपके पेरून नसलेल्या रंगाचा भास करायचा, आणि ठिपके जास्त झाले की सगळं चित्र मुंग्या लागल्यासारखं वळवळतं. एवढं करून पाठवलं की ॲपवाला अभिनव लिहिणार, ‘मॅडम, थोडं अजून एचडी करा ना. आणि साइझ निम्मी.’ अभिनव चांगला मुलगा आहे. बिस्किटाचा पुडा अर्धा करून बिस्किटं वाढवून मागणारा चांगला मुलगा. सगळ्यात मोठा वैताग सांध्याचा. शेवटची चौकट, म्हणजे फ्रेम, संपून पहिली सुरू होते तिथे झटका बसता कामा नये. जिरं उडतं, खाली पडतं आणि एकदम परत हवेत! डोळ्यात खुपतं ते. अशा वेळी एक सोपी पळवाट असते : तुकडा सरळ चालवायचा आणि मग तोच उलटा चालवायचा. पुढे, मागे, पुढे, मागे. सांधाच उरत नाही. जिऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

आईचं चित्र तिने तसंच केलं होतं. आदल्या दिवशी आईला, बर्नडेटला, पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ग्रुपवर प्रत्येकाने काहीतरी टाकायचं असं स्टेफनीने ठरवलं होतं. स्टेफनी म्हणजे चुलतबहीण, उत्तनला आईच्या शेजारच्याच घरात राहते आणि सगळ्यांच्या वतीने ठरवते. व्हॅलेरीकडे आईचे व्हिडिओ होते ते सगळे पाठमोरे. कॅमेरा दिसला की बर्नडेट पाठ करते; हल्ली तर मोबाईल कानाला लावलेला माणूस दिसला तरी तोंड फिरवते. एकाच तुकड्यात ती समोर होती. मागे बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्या, अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं, छातीशी असलेला हात पुढे येतो, पंजा पालथा, बोटं बाहेर झटकली जातात आणि ती म्हणते, ‘बस.’ म्हणजे पुरे. बंद कर तो मोबाईल. एवढंच होतं त्यात. पण चेहरा समोर होता, आणि ऊन बाजूने पडलं होतं.

त्या तीन सेकंदांवर व्हॅलेरीने अख्खी दुपार घातली होती. अभिनवसाठी घातली नसती अशी. लुगड्याच्या बारीक चौकड्या चालू लागल्या की सरपटायच्या, त्या तिने जागेवर बसवल्या. आईच्या कातडीला रंग कमी पडू दिले नाहीत. वलांड्यांमागचं आभाळ मेलं तर मेलं. सुरुवातीच्या काही चौकटी अस्पष्ट होत्या, त्यांत आई कपाळाला आठ्या घालून वळत होती, त्या तिने उडवल्या. आवाज या चित्रात नसतोच. राहिला सांधा. हात पुढे झटकून संपायचा आणि परत छातीशी उडी मारायचा. व्हॅलेरीने बोटाच्या सवयीने उलट चालीची खूण केली. हात पुढे, हात मागे. लोण्यासारखं चाललं. तिने स्वतःच ते कितीतरी वेळ बघितलं होतं, आणि आपण काय केलंय ते तिला दिसलं नव्हतं. दिसलं आज, तिकीट बघून. पुढे जाणारा हात जा म्हणतो. तोच उलटा चालवला की पालथा पंजा, बोटं आत ओढत, छातीकडे येतो. उत्तनच्या किनाऱ्यावर उभ्या राहून बायका होडीला असाच हात करतात. खडक टाळून आता आत घे, ये, ये. शहरातल्या माणसाला त्यात आजी टाटा करतेय असं वाटलं असतं. शेन मच्छीमार लुईसचा मुलगा. लहानपणी होडीत बसून त्याने तो हात शेकडो वेळा बघितलाय. त्याला दुसरं काही दिसणं शक्य नव्हतं.

तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. थोरल्या बहिणीला तो बाय म्हणतो.

“बाय! बघितलं ना तिकीट?”

“शेन, ऐक. तो हात ये म्हणत नाहीये.”

“मग काय म्हणतोय?”

“जा म्हणतोय. मी उलटा चालवलाय तो. अर्धा सुलटा आहे, अर्धा उलटा.”

तो हसायला लागला. “अर्धा ये म्हणतो ना? मी तेवढाच अर्धा बघितला.”

“अरे, तो अर्धा खोटा आहे. तो मी केलाय, कॉम्प्युटरने.”

“तू थोडीच मम्मीचा हात हलवलास? हात तिचाच आहे.”

“ती ‘बस’ म्हणाली होती त्यात. आवाज गेला म्हणून तुला कळलं नाही. बस, पुरे.”

“बस म्हणाली?” पलीकडे तो इतका खूश झाला की तिने फोन कानापासून लांब धरला. “म्हणजे हात ये म्हणतो आणि तोंड बस म्हणतं! घरी आलेल्याला आणखी काय सांगतात, बाय? ये, बस. आता फक्त चहा राहिला.”

काय बोलणार त्याच्यापुढे? तिच्या मनात आलं, या माणसाला तीस वर्षं अशीच कोणतीही गोष्ट आपल्या बाजूने वाचता येते. आणि लगेच मनात आलं, त्याला खरी गोष्ट कोणी वाचायला दिलीच कुठे? चार वर्षांपूर्वी पप्पा गेले तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. पार्थिव अंगणात ठेवलं होतं, चर्चचा कॅमेरावाला सगळं लाइव्ह दाखवत होता, कारण आता तसं करतात. कुवेतचे, कॅनडाचे, जहाजावरचे सगळे त्यातच जोडलेले असतात. बर्नडेट पेटीच्या डोक्याशी उभी होती. लुईसच्या केसांवरून बोटं फिरवत होती, तेल लावल्यासारखी. मध्येच कॅमेरावाल्याने मोबाईल बघितला, पुढे झाला आणि तिच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाला, “आंटी, जरा बाजूला. शेनचा मेसेज हाय, पप्पांचा तोंड दिसत न्हाय.” आणि बर्नडेट बाजूला झाली. भिंतीशी जाऊन उभी राहिली ती पेटीचं झाकण लागेपर्यंत तिथेच. तिला कोणी परत पुढे बोलावलं नाही. सगळ्यांना वाटलं, थकली असेल. त्यानंतर शेनच्या फोनला ती आली नाही. आधी म्हणायची, चर्चला गेली सांग. मग, झोपली सांग. मग नुसतीच मान हलवायची. शेनला सगळ्यांनी मिळून सांगितलं की तिला आता नीट ऐकू येत नाही. त्याने तिकडून कानाचं यंत्र पाठवलं. ते स्टेफनीच्या कपाटात आहे.

खरं सांगायचं कसं? त्याने मागितलं होतं ते काही वावगं नव्हतं. बापाचं तोंड शेवटचं दिसावं एवढंच. आणि आईला जे लागलं तेही वावगं नव्हतं. दोघांपैकी कोणाची तरी चूक असती तर व्हॅलेरीला सोपं गेलं असतं. ती चुका शोधण्यात पटाईत आहे, चौकट चौकट करून शोधते.

मॅक्सवेल दुपारपाळीला निघायच्या तयारीत होता. त्याने बूट घालता घालता सगळं ऐकलं आणि म्हणाला, “चार वर्षं फादर मम्मीला सांगून थकले. तुझ्या मुक्या चित्राने एका रात्रीत काम केलं. कंपनीला सांग, मिरी-जिरी सोडा, समेट काढून देते.”

“मॅक्स, थट्टा नको. ती दार उघडणार नाही त्याला.”

“उघडेल.”

“आणि नाही उघडलं तर? तो परत कधी येईल? ही शेवटची वेळ आहे रे. हे फसलं तर मम्मी जाईल तेव्हाही तो लाइव्हवरच बघेल.”

ती हे बोलली आणि स्वतःच दचकली. मॅक्सवेलने बुटाची नाडी बांधली. मग म्हणाला, “मग जा आणि तिला सांग. इथे बसून चित्राकडे काय बघतेस?”

चित्राकडे ती बघतच होती. मूळ व्हिडिओ उघडून तिने तो एकेक चौकट पुढे नेला. तिला खात्री करून घ्यायची होती. हात छातीशी. हात सुटलेला. हात मध्यावर, पंजा पालथा. इथे थांबवलं तर तो जातोय की येतोय हे सांगता येत नव्हतं. थांबलेला हात नुसता हात असतो. कितीही बारीक रंग भरले तरी दिशा चौकटीत राहत नाही, दोन चौकटींच्या मध्ये कुठेतरी असते, आणि तिथे काढायला काही नसतं. आठ्या दिसत होत्या, त्या तरी रागाच्या होत्या? ऊन तोंडावर होतं. तेवढ्यात अभिनवचा मेसेज आला, ‘मॅम, जिरं?’ तिने संगणक बंद केला, इतका जोरात की बटण आत बसून राहिलं आणि नखाने उचकटावं लागलं.

रिक्षावाला भाईंदरला रेल्वे फाटकाच्या अलीकडेच थांबला. “भाभी, उस पार जाम है, पैदल निकल जाओ.” पश्चिमेला उत्तनची बस मिळाली, खिडकीही मिळाली. राई गाव गेल्यावर खाडीचा वास आला, मग मिठागरं, मग मोर्वा. शेजारची बाई मोबाईलवर कुठल्याशा देवाचं चित्र बघत होती. देवाचा आशीर्वादाचा हात वर-खाली होत होता आणि मागे चकचकीत पाऊस पडत होता. रंग इतके फुटलेले की देवाच्या गालावर नकाशा उमटला होता. बाईचं काही बिघडत नव्हतं. तिने ते कपाळाला लावलं आणि पुढे कोणाला तरी धाडलं. व्हॅलेरीला एकदम थकल्यासारखं झालं. आपण एवढी दुपार घालून आईची कातडी खरी केली नसती, असंच फुटलेलं काहीतरी टाकलं असतं, तर शेनने बदाम टाकून सोडून दिलं असतं. चांगलं केलं तिथेच घात झाला. ही तक्रार आता कोणाकडे करायची? ॲपवर तर उलट शाबासकी मिळाली असती.

बर्नडेट ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. व्हॅलेरीने चप्पल काढायच्या आत सांगून टाकलं. “मम्मी, शेन येतोय. शनिवारी.”

“कोनी बोलावला?”

“तू.”

आईने मान वर केली. व्हॅलेरीने मोबाईल पुढे धरला. आईने तोंड फिरवलं नाही, हे एक नवल. हातातला बोंबील परडीत टाकला, हात लुगड्याला पुसले आणि बघत राहिली.

“ही मीच काय?”

“तूच.”

“तोंड हालतं. आवाज न्हाय येत.”

“या चित्राला आवाज नसतो.”

“मंग मी काय बोलली ते कोनाला कलनार?”

आई अजून बघत होती.

“थांबत न्हाय ती?”

“नाही. बंद करेपर्यंत चालूच राहते.”

“तिचा हात न्हाय दुखत?”

व्हॅलेरीने ते बंद केलं आणि मूळ व्हिडिओ लावला, आवाजासकट. वारा, लांबून रिक्षाचा भोंगा, आणि मग आईचा आवाज, ‘बस.’ पुन्हा लावला. इतक्या वेळा ऐकलेला तो शब्द आता तिला नीट कळेना. त्यात राग होता की नव्हता? शेवटी थोडा ओढला होता, माणसाला पाट सरकवताना ओढतात तसा.

“मम्मी, बस म्हणजे काय म्हणालीस? पुरे, की खाली बस?”

“तू बनवलंस ना? तूच सांग.”

“मम्मी, प्लीज. त्याला काय कळवू? येऊ नको सांगू?”

“मी कवा बोलली येऊ नको?”

“मग ये सांगू?”

“मी कवा बोलली ये?”

व्हॅलेरीला वाटलं, आता ओरडावं. या बाईच्या प्रत्येक वाक्याला दोन टोकं आणि दोन्ही आपल्याच हातात रुतलेली. कुंपणापलीकडे स्टेफनी कपडे वाळत घालायचं नाटक करत होती. एकच चादर तिने तिसऱ्यांदा झटकली. आई परत बोंबील निवडायला लागली. मोठे एकीकडे, तुटके एकीकडे. मान खालीच ठेवून तिने विचारलं, “परत मना बाजूला हो बोलेल काय तो?”

व्हॅलेरी म्हणाली, “त्याला माहीतच नाही, मम्मी. आपण सांगितलंच नाही त्याला.”

“मीच बोलली व्हती, सांगू नका.”

“मग आता सांगू?”

परडी उचलून बर्नडेट आत गेली. जाताना नेहमीसारखं ‘जेवून जा’ म्हणाली, ते तेवढं स्पष्ट ऐकू आलं.

शुक्रवारभर व्हॅलेरीने शेनला लिहायचा प्रयत्न केला. ‘पप्पांच्या वेळी’ एवढं लिहून ती अडायची. लिहिलेल्या शब्दालाही आवाज नसतो. तो काय वाटेल ते वाचेल. बोलायला हवं होतं, आणि बोलायला गेलं की तो हसवायचा, मम्मीला चॉकलेट चालतं का, साखर आहे का तिला, कानाचं यंत्र वापरते का. शेवटी ती मॅक्सवेलला म्हणाली, “विमानतळावर तू जातोयस. गाडीत तूच सांग.”

“मी? जावई माणसाने तुमच्या घरातली चार वर्षांची गाठ हायवेवर सोडवायची? तीही गाडी चालवताना?”

“गाडी चालवताना बरं. तोंड बघावं लागत नाही एकमेकांचं.”

“काय सांगायचं ते नीट सांग तरी,” तो म्हणाला, आणि तिने त्याला खांद्याला लावलेल्या हातापासून भिंतीपर्यंत सगळं सांगितलं. चार वर्षांत तिने ते पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं होतं. सांगून झालं तेव्हा ती गोष्ट फार लहान वाटली. एक बाई दोन पावलं बाजूला सरकते. बस, एवढीच. म्हणूनच कदाचित कोणाला सांगता आली नव्हती.

शनिवारी दुपारी ती उत्तनला पोचली तेव्हा घराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली नेहमी स्टेफनीकडे असते, आज नव्हती. स्टेफनी भांबावून पायरीवर उभी होती.

“कधी गेली?”

“जेवनाच्या आदी. मी विचारला, काकी कुठं? बोलली, जाऊन येते.”

“जाऊन येते म्हणाली? नक्की? की जाते म्हणाली?”

“अगो, मी काय रेकॉर्डिंग केला काय? नवीन लुगडा नेसून गेली. फुला लावलेली डोक्यात.”

“कुठल्या बाजूला?”

“मी आत गेले, गॅसवर दूध व्हता. आले बाहेर त न्हाय.”

नवीन लुगडं आणि डोक्यात फुलं. कोणी यायचं असलं की ती तसं करते. कोणाच्या घरी दिवसभर जाऊन बसायचं असलं तरी तसंच करते. व्हॅलेरीने चर्चमध्ये जाऊन बघितलं. बाकांवर दोन बायका होत्या, त्यांत ती नव्हती. लुईसच्या कबरीपाशी ताजं काही नव्हतं. बसस्टॉपवरचा पानवाला म्हणाला, दोन बसेस गेल्या, बायका तर किती चढल्या. परत दाराशी येऊन तिने आईला फोन लावला. रिंग आतून ऐकू आली, बंद घरात, लाकडी टेबलावर थरथरत. ती वाजून थांबली. व्हॅलेरीने परत लावला नाही.

मॅक्सवेलचा मेसेज आला, ‘सांगितलं. तेव्हापासून गप्प आहे.’ मग बराच वेळ काही नाही. मग, ‘राईला थांबवायला लावली गाडी. खाली उतरलाय. विचारतोय, मम्मीला सांगितलंस का की मला आता माहीत आहे?’

तिने लिहिलं, ‘मम्मी घरी नाही.’ पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. स्टेफनी चहा घेऊन आली, तो तिने पायरीवर ठेवला. समोरच्या वलांड्यांवर आज काही वाळत नव्हतं, बांबू नुसते उभे होते. साडेचारच्या सुमाराला मॅक्सवेलने कळवलं की शेन गाडीत बसलाय आणि ते मोर्व्याच्या पुढे आलेत. तोपर्यंत बर्नडेट घरी परतलेली नव्हती.